सातबारा कुणाच्या नावावर?

दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावाहून एका मैत्रिणीचा फोन आला. "ताई, तुमच्या गटाची साइट उघडली तर रमीचा जुगार दिसतोय." मी उघडून पाहिलं. खरंच तसं होतं. ती साइट आमच्या एका कार्यकर्तीच्या भाच्याने हौसेने करून दिली होती. नाव त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे, पैसे भरण्याची आठवणही त्याच्याच ई-मेलवर. तो नोकरीसाठी परगावी गेला, वर्षाचे पैसे भरायचे राहिले, नाव सुटलं आणि भलत्याच कुणी घेतलं. समुपदेशनाच्या वेळा, शिबिरांचे अहवाल, सगळं गेलं. भाच्याला मी दोष देत नाही. एम.एस.डब्ल्यू. झालेली, बायकांना मालमत्तेचे हक्क शिकवणारी मी. हे कुणाच्या नावावर आहे, एवढं मी कधी विचारलं नाही!

तेही नाशिक जिल्ह्यात राहून. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये इथेच, चांदवडला, शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं. पुढे शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. राबते ती, तर सातबाऱ्यावर तिचं नाव का नाही, हा त्यामागचा सवाल. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, हा तसाच सातबारा आहे.

मैत्रिणी म्हणतात, फेसबुक फुकट असताना हा खटाटोप कशाला? फुकटच्या ओसरीवरून मालक कधीही उठवतो. जिओसिटीजवर लाखो लोकांनी घरं थाटली होती. याहूने २००९ मध्ये त्याला कुलूप लावलं. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं. तिथे आपलं काय राहील, कुणाला दिसेल, हे कंपनी ठरवते. फेसबुक वापरू नका असं मी म्हणत नाही. पण आपलं दप्तर तिथे ठेवू नका.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: "आपल्याला ते तांत्रिक जमणार नाही." सायकल, बँकेचं खातं, कोर्टाचा अर्ज, प्रत्येक वेळी हेच ऐकवलं गेलं. वेब ही कुणाची खासगी जहागीर नाही. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने १९९३ मध्ये ते तंत्र सर्वांना मोकळं केलं. पहिलं पान साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येतं. मथळा कुठला, परिच्छेद कुठला, हे एचटीएमएलच्या खुणांनी सांगायचं. फाइलला 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' नाव द्यायचं आणि ती आपल्याच संगणकावर उघडून बघायची. इथवर एक पैसा लागत नाही. मजकूर मात्र युनिकोडमध्ये हवा. आपली जुनी पत्रकं जुन्या फॉन्टमध्ये आहेत, ती तशीच टाकली तर अगम्य चिन्हं दिसतात. आधी रूपांतर करून घ्या.

मग दोन गोष्टी लागतात: नाव आणि जागा. नावाचं भाडं ठरावीक मुदतीने भरावं लागतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भरता येतं. जागा म्हणजे होस्टिंग. साध्या पानांसाठी गिटहब पेजेससारखी फुकट जागाही चालते. तीही परक्याचीच, पण नाव आपलं असेल आणि सगळ्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर असेल, तर बिऱ्हाड हलवता येतं. नोंदणी संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ई-मेलने करा. पासवर्ड किमान दोघींकडे हवा. मुदतीची तारीख कार्यालयातल्या कॅलेंडरवर लिहा.

एक गोष्ट कधीच करू नका. आपल्याकडे आलेल्या बाईचा फोटो, गाव, ओळख पटेल असा तपशील साइटवर टाकू नका. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी आपण तिचा विश्वास विकला नसता.

ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये छापली गेली आणि विस्मृतीत गेली. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली, कारण छापील प्रत कुठेतरी शिल्लक होती. आपण आज जे लिहितो त्याची प्रत नव्वद वर्षांनी कुणाकडे असेल?

आम्ही नवं नाव घेतलं आहे, संस्थेच्या नावावर. पहिलं पान आमच्या दोन कार्यकर्तींनी बसून लिहिलं. ते देखणं नाही, पण आमचं आहे. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर पहिला प्रश्न हाच घ्या: आपली साइट कुणाच्या नावावर आहे?