निसर्गचित्रातील अदृश्य कुंपण

अठराव्या शतकातील युरोपीय मुद्राचित्रांविषयी लिहिताना समीक्षक रेषेची नजाकत आणि छायाप्रकाशाचा तोल यांपाशी बहुधा थांबतात. चित्रातील त्या निसर्गाचा धनी कोण, हा प्रश्न कलाबाह्य ठरविला जातो. वस्तुतः तो चित्राच्या रचनेतच अंतर्भूत असतो.

इंग्लंडमधील स्टो येथील लॉर्ड कोबम यांच्या उद्यानाचे उदाहरण घ्यावे. झाक रिगो या फ्रेंच चित्रकाराने त्याची दृश्ये रेखाटली. उद्यानाचा रचनाकार चार्ल्स ब्रिजमन १७३८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची पत्नी सारा हिने ती मुद्राचित्रे संचरूपाने प्रसिद्ध केली. रुंद वीथी, जलाशय, देवालयाच्या घाटाचे मंडप आणि रमतगमत फिरणारे प्रतिष्ठित स्त्रीपुरुष असे हे जग आहे. ब्रिजमनने उद्यानाच्या कडेला उंच भिंतीऐवजी खंदक योजला होता. इंग्रजीत त्याला ‘हा-हा’ म्हणतात. उद्यानातून पाहणाऱ्याला तो जाणवत नाही. हिरवळ पलीकडच्या कुरणात सहज मिसळल्यासारखी भासते. गुरांना मात्र तो ओलांडता येत नाही. मालकी शाबूत राहते, तिची खूण तेवढी लोपते. जुने स्टो गावही असेच लोपले. त्याचे चर्च आज उद्यानाच्या झाडीत झाकलेले उभे आहे.

मुद्राचित्राने हेच कार्य कागदावर केले. तैलचित्र एकाच दिवाणखान्यात राहते. तांब्याच्या पत्र्यावरून शेकडो प्रती निघतात. जमीनदाराच्या गवाक्षातून दिसणारा देखावा त्यामुळे शहरातील वकील-व्यापाऱ्यांच्या भिंतीवर आला. त्यांना जमीन लाभली नाही; जमिनीकडे पाहण्याची मालकाची दृष्टी तेवढी लाभली. याच शतकात पार्लमेंटच्या कायद्यांनी गावोगावची सामाईक कुरणे बंदिस्त होत होती. १७२३ च्या ‘ब्लॅक ॲक्ट’नुसार तोंडाला काळे फासून हरणाची चोरटी शिकार करणाऱ्यास देहदंड होऊ शकत असे. हे ठाऊक झाल्यावर त्या हिरवळीची निरागसता टिकत नाही.

त्या काळी दुसरी दृष्टी संभवतच नव्हती, असा बचाव केला जातो. तो ग्राह्य नाही. टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) याने आपल्या पक्षिविषयक ग्रंथासाठी लाकडी ठशांवर चित्रे कोरली. पहिला खंड १७९७ चा. प्रकरणांच्या अखेरीस योजलेल्या त्याच्या चिमुकल्या चित्रांत पावसात भिजणारा वाटसरू, भिकारी, लाकडी पायाचा सैनिक, दूरवरचा फाशीचा खांब, सारे आहे. सामाईक रानाच्या वाटणीबद्दलची खंत त्याने आत्मचरित्रातही नोंदविली. निसर्गप्रेमात तो कोणाहून उणा नव्हता. त्याचा निसर्ग माणसांना वगळत नव्हता, इतकेच.

रिगोची रेषा सुंदर आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि कलेतिहासाच्या अध्यापनात अशा चित्राशेजारी त्याच परिसराचा जमिनीचा नकाशाही मांडला गेला पाहिजे. खंदक कोठे आहे हे न सांगता हिरवळीचे कौतुक करणे म्हणजे तो खणविणाऱ्याचाच हेतू सिद्धीस नेणे होय.