विद्यापीठाच्या इमारतींचे दप्तर कोणाचे?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, नागपुरास प्रताप नगरात ज्यांचे सोयरेधायरे राहतात त्यांनी पुढच्या खेपेस अंबाझरीवरून अमरावती रस्त्यापर्यंत एक फेरी मारावी. तेथे नागपूर विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे व त्यास महात्मा जोतीबा फुले यांचे नाव आहे. नाव योग्यच दिले. जोतीराव नुसते ग्रंथकार नव्हते, बांधकामाचे ठेकेदारही होते. पुण्याजवळच्या धरणाच्या कामास त्यांनी माल पुरविला. दगड कोण फोडतो आणि हिशेब कोण लिहितो, हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आम्ही आज त्या हिशेबाविषयीच लिहीत आहो. इमारत उभी राहते तेव्हा कागदांचीही एक रास तिच्याबरोबर उभी राहते. जमीन कोणाची, काय भावाने घेतली. नकाशा कोणी काढला व मागाहून कोणी फिरविला. चुना, विटा, लोखंड कोठून आले. मजुरी काय पडली. कोनशिलेवर पाहुण्याचे नाव असते. गवंड्याचे, सुताराचे, घमेले वाहणाऱ्या बाईचे नाव असलेच तर हजेरीपटावर. तो पट रद्दीत गेला, की त्यांच्या घामास साक्षीदार उरला नाही.

हे विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले. कामठीचे डी. लक्ष्मीनारायण यांनी सुमारे ३५ लाखांची दौलत मृत्युपत्राने त्यास दिली. तीतून १९४२ साली त्यांच्या नावाची तंत्रसंस्था निघाली. एवढ्या दानाचा पैन्‌पैचा कागद डोळ्यांत तेल घालून जपावयास हवा की नको?

भावाभावांत वाटणी होते तेव्हा शहाणा बाप भांडीकुंडी मोजण्याआधी कागदांची पेटी कोणाकडे राहील ते ठरवितो. येथे वाटण्या किती झाल्या पहा! १९५६ साली नागपूरची राजधानी गेली. १९८३ साली अमरावतीचे विद्यापीठ वेगळे झाले, २०११ साली गडचिरोलीचे. २०२३ साली लक्ष्मीनारायण संस्थाही स्वतंत्र विद्यापीठ झाली. इमारत कोणाकडे हे कायदा सांगतो; तिचा मूळ नकाशा कोणत्या कपाटात आहे, हे खेड्यातल्या माणसाने विचारले तर सांगणार कोण?

कोणी शहाणे म्हणतील, जुन्या नकाशांशी नांगऱ्याचे काय काम? सातबाऱ्यावर एक ओळ चुकली म्हणजे काय होते ते नांगऱ्यासच विचारा. पटवाऱ्याच्या दप्तरापुढे ज्याने हात जोडून दिवस काढले, त्यास कागदाची किंमत शिकवू नये. शिवाय अंबाझरी तलाव २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ओसंडला व घराघरांत पाणी शिरले, हे ताजेच आहे. पाणी कागद ओळखत नाही.

माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम दर कचेरीस आपले दप्तर यादीवार लावून ठेवावयास सांगते. सरकारचे अभिलेखागार नागपुरातच आहे. तेव्हा विद्यापीठाने इमारतवार यादी करून ती मराठीत छापावी, जीर्ण नकाशांच्या प्रती काढाव्या, आणि मागेल त्यास, मग तो पदवीधर असो वा बिगारी, त्या दाखवाव्या. आणि ज्यांच्या घरी आजोबांचा ठेक्याचा करार, मजुरीची चिठ्ठी किंवा बांधकामावरचा फोटो पडून असेल, त्यांनी तो दिवाळीच्या झाडलोटीत फेकू नये. घरातल्या शिकत्या मुलाकडून मागे नावे व साल लिहवून घ्यावे.