लग्न डेन्मार्कला, घोडं अडलं आपल्या जन्मदाखल्यापाशी

माझी भाची म्युनिकला नोकरी करते. तिकडच्याच एका जर्मन मुलाशी तिचं लग्न ठरलं. दोन्ही घरं राजी. तरी लग्न आठ महिने रखडलं, ते कागदांपायी.

"परदेशात गेलेली मुलं परस्पर लग्न उरकतात" म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

जर्मनीत परदेशी माणसाला लग्न करायचं तर 'हा लग्नाला मोकळा आहे' असा त्याच्या देशाचा दाखला लागतो. भारत तसा दाखला देत नाही. मग तिथल्या वरिष्ठ न्यायालयाकडे सूट मागायची. त्यासाठी जन्मदाखला, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्याची जर्मन भाषांतरं. २००५ मध्ये भारत हेगच्या अपोस्टिल करारात आला, तेव्हा जर्मनीने हरकत घेतली. त्यामुळे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल इतर बऱ्याच देशांत चालतो, पण जर्मनीला तो पुरेसा वाटला नाही.

काहींनी विचारलं, भारतीय वकिलातीत का नाही लावलं? १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यात ती सोय आहे. दोघांपैकी एक भारतीय असला तरी चालतं. नोटीस द्यायची, हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. पण जोडीदार जर्मन नागरिक असेल तर जर्मनीत वकिलातीत लावलेलं लग्न जर्मन कायदा मानत नाही. झालं, तोही रस्ता बंद.

आणि हे सगळं पुढचं. आमचं घोडं त्याआधीच अडलं. भाचीच्या जन्मनोंदीत बाळाचं नावच नव्हतं! नुसतं 'स्त्री' आणि आईबापाचं नाव. ताईने चकरा मारून नाव चढवलं, तर आईच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळेना.

शेवटी दोघांनी डेन्मार्क गाठलं. तिथलं एक सरकारी खातं कागद तपासून प्रमाणपत्र देतं, ते चार महिने चालतं. तेवढ्यात कुठल्याही नगरपालिकेत लग्न लावा. दाखला इंग्रजी-जर्मनसह पाच भाषांत. युरोपातली कितीतरी जोडपी असंच करतात. ही पळवाट नाही, कायदेशीर वाट आहे.

आता माझं मत. जर्मन लोकांना शिव्या देऊन उपयोग नाही. त्यांची शंका रास्त आहे. या माणसाचं आधी लग्न झालेलं नाही, हे सांगणार कोण? आपल्याकडे ते तो स्वतःच सांगतो, स्टँपपेपरवर! सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा म्हणून सांगितलं. महाराष्ट्राचा नोंदणीचा कायदा तर त्याहून जुना, १९९८ चा. तरी आपल्याकडे हॉल, पत्रिका, अल्बम झाला की लग्न झालं. नोंदणी 'बघू नंतर'.

याची दुसरी बाजू जास्त कडू आहे. परदेशातला नवरा मिळाला म्हणून हुरळून मुलगी देतात आणि नंतर कळतं, त्याची तिकडे एक बायको आहेच. माझ्या भाचीला खरं बोलूनही पुरावा मिळाला नाही, आणि त्या मुलीला खोटं पकडायला जागा मिळाली नाही. भोक एकच.

म्हणून मागणी साधी आहे. विवाहनोंदी राज्यभर एकत्र जोडा आणि 'नोंदीत विवाह आढळला नाही' असा सही-शिक्क्याचा दाखला 'आपले सरकार'वर द्या. सातबारा घरबसल्या मिळतो, मग हा का नाही?

तोवर आपण काय करायचं? मुलांचे जन्मदाखले आजच काढून बघा. नाव आहे का, स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय का. आपल्या स्वतःच्या लग्नाची नोंद नसेल तर करून टाका, पंचवीस वर्षं झाली असली तरी. आणि परदेशातलं स्थळ आलं तर पगाराच्या आधी कागद मागा. त्यात लाज कसली?

तुमच्या घरात असं काही अडलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. कुणाचे तरी आठ महिने वाचतील.