अंगण वाकडे होतेच!

*दोह्यात पंच चुकले, यात शंका नाही. पण गुवाहाटीत चेंडू रेषेबाहेर गेला नव्हता. तिथे आपण कसे हरलो, हे कोणी विचारणार की नाही?*

११ जून २०२४ च्या रात्री क्रिकेटच्या विश्वचषकातून जरा सवड काढून ज्यांनी दोह्याचा फुटबॉल सामना पाहिला, त्यांच्या डोळ्यांसमोरून ७३ वे मिनिट अजून हललेले नसेल. भारत कतारविरुद्ध एका गोलने पुढे होता. विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीचे दार भारतीय फुटबॉलसाठी पहिल्यांदाच किलकिले झाले होते. तेवढ्यात कतारची फ्री किक आली. युसुफ आयमेनने त्यावर डोके लावले आणि गुरप्रीतसिंग संधूने तो फटका अडवला. अडवलेला चेंडू घरंगळत गोलखांबाच्या बाजूने रेषेपलीकडे गेला. आता कॉर्नर मिळणार, असे समजून भारतीय बचावपटू थांबले. अल-हाश्मी अल-हुसैन मात्र थांबला नाही. बाहेर गेलेला चेंडू त्याने पायाने आत ओढला आणि आयमेनने तो जाळ्यात लोटला. दक्षिण कोरियाचे पंच किम वू-सुंग यांनी गोल दिला. भारतीय खेळाडूंनी गराडा घातला, हातवारे केले, विनवण्या केल्या. गोल कायम राहिला. पुढच्या बारा मिनिटांत अहमद अल-रावीने दुसरा गोल केला आणि भारत १-२ असा हरला. त्याच दिवशी कुवेतने अफगाणिस्तानला १-० असे हरवून ते किलकिले दार आतून लावून घेतले.

त्यानंतर देशातले फुटबॉलप्रेमी दोन तटांत उभे राहिले. एक म्हणतो रेफ्रीने घालवले, दुसरा म्हणतो कोचने घालवले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने दोघांचेही समाधान केले. आधी पंचांविरुद्ध तक्रार धाडली आणि १७ जूनला प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांना नारळ दिला. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण नेहमी सबबी सांगणाऱ्याला चिडवायला वापरतो. या वेळी अडचण अशी की अंगण खरोखरच वाकडे होते. त्यामुळे नाच येत होता की नाही, हा प्रश्न विचारायचे सगळ्यांनाच सोयीस्करपणे राहून गेले. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि ते वेगळेच मांडायला हवेत.

पहिला हिशेब पंचांचा. फुटबॉलचा नववा नियम साधा आहे. चेंडू जमिनीवरून वा हवेतून रेषेच्या पूर्णपणे पलीकडे गेला की खेळ थांबला. त्याचा एवढासा भाग जरी रेषेवर वा तिच्या वरच्या हवेत असेल, तर तो खेळातच. हा काठावरचा प्रसंग असता तर वाद समजण्यासारखा होता. दोह्यातला चेंडू काठावर नव्हता. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यालाही तो बाहेर गेलेला दिसत होता. मग पंचांना का दिसला नाही? फ्री किकच्या वेळी सहाय्यक पंच ऑफसाइडच्या ओळीत उभा असतो. तिथून गोलरेषेपर्यंत धावत यायचे, मध्ये आडवा पडलेला गोलरक्षक आणि त्याच्याभोवती पायांचे जंगल. माणसाचा डोळा इथे चुकू शकतो. म्हणूनच तर खेळाने यंत्राचा डोळा आणला.

तो डोळा त्या रात्री दोह्यात नव्हता. आशियाई पात्रतेच्या या फेरीत व्हीएआर, म्हणजे चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय, वापरलीच जात नव्हती. गंमत पाहा. याच कतारमध्ये १ डिसेंबर २०२२ रोजी जपान-स्पेन सामन्यात काओरू मितोमाने मागे ओढलेला चेंडू बाहेर गेला होता की नाही, हे कॅमेऱ्यांनी तपासले. जेमतेम दोन मिलिमीटरचा काठ रेषेवर होता, असे ठरले आणि जपानचा गोल मान्य झाला. दीड वर्षानंतर त्याच देशात अख्खा चेंडू बाहेर गेला आणि पाहायला कोणी नव्हते. १७ जूनला, स्टिमॅच यांची गच्छंती झाली त्याच दिवशी, जर्मनीतल्या युरो स्पर्धेत बेल्जियमच्या लुकाकूचा गोल रद्द झाला. सहकारी ओपेंडाच्या हाताला झालेला निसटता स्पर्श चेंडूतल्या चिपने टिपला होता. क्रिकेटमध्ये आपण स्निकोचा आलेख पाहतो, तसाच आलेख पडद्यावर उमटला. बेल्जियमचे पाठीराखे त्यावरही चिडलेच, पण निदान कशावर चिडायचे हे त्यांना दिसत होते.

म्हणजे युरोपातल्या श्रीमंत स्पर्धेत चेंडूला नाडी आहे आणि आशियातल्या गरीब फेरीत पंचाला चष्माही नाही. भारत, अफगाणिस्तान, कुवेत यांच्यासाठी याच फेरीतून विश्वचषकाचा रस्ता जात होता. २०२६ चा विश्वचषक ४८ संघांचा करून फिफाने आशियाला आठ थेट जागा दिल्या. नव्या देशांना दार उघडले, असा त्याचा गाजावाजाही झाला. दार उघडायचे आणि उंबऱ्यावर दिवा लावायचा नाही, हा कुठला न्याय? भारतीय महासंघाने लढायचे तर या मुद्द्यावर लढावे. ज्या सामन्यावर विश्वचषकाची वाट अवलंबून आहे, तो कोणत्याही फेरीतला असो, तिथे किमान गोलरेषेवर कॅमेरा हवाच. या मागणीला आशियातले डझनभर छोटे देश पाठिंबा देतील.

महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे यांनी मात्र आणखी पुढचे मागितले. चौकशी करावी आणि खेळाच्या स्वरूपात काही भरपाई देता येईल का, हेही पाहावे, असे त्यांचे म्हणणे. इथे आशियाचाच एक जुना किस्सा आठवावा. सप्टेंबर २००५ मध्ये उझबेकिस्तानने बहरीनला पात्रता सामन्यात १-० असे हरवले. त्या सामन्यात पेनल्टी मारताना उझबेक खेळाडू आधीच आत घुसले, म्हणून जपानी पंचांनी पेनल्टी पुन्हा मारू देण्याऐवजी बहरीनला फ्री किक दिली. जिंकलेल्या उझबेकिस्तानने तक्रार केली आणि ३-० असा निकाल मागितला. फिफाने पंचांची चूक मान्य केली आणि सामनाच पुन्हा खेळवला. तो बरोबरीत सुटला, परतीचा सामनाही बरोबरीत सुटला आणि परक्या मैदानावरच्या गोलच्या जोरावर बहरीन पुढे गेले. तेलही गेले, तूपही गेले. पण त्या प्रकरणात पंचांनी नियम चुकीचा लावला होता. दोह्यात नियम ठाऊक होता, चेंडू दिसला नाही. खेळातल्या वस्तुस्थितीबद्दल पंचांचा निर्णय अंतिम, आणि गोल झाला की नाही हेही त्यात आले, असे नियमावलीच सांगते. त्यामुळे भरपाईची आशा फोल आहे, हे महासंघातल्या जाणत्यांना ठाऊक असणारच.

ठाऊक असायला आणखी एक कारण आहे. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) बाद फेरीत जादा वेळेतल्या सहाव्या मिनिटाला सुनील छेत्रीने फ्री किक झटकन मारली. केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहायची होती, गोलरक्षक तयार नव्हता. गोल मान्य झाला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघाला मैदानाबाहेर नेले. केरळने सामना पुन्हा खेळवण्याची मागणी केली, महासंघाच्या शिस्तपालन समितीने ती फेटाळली. क्लबला ४ कोटी रुपयांचा दंड आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी, असा हिशेब झाला. मैदान सोडणे गैरच होते. पण पंचांचा शब्द अंतिम, हे तेव्हा ठणकावून सांगणारी संस्था दोह्यानंतर फिफाच्या दारात तोच शब्द बदलून मागत होती. शिवाय तेव्हा आपल्या आयएसएलमध्येही व्हीएआर नव्हते. महासंघाने त्याच्या स्वस्त आवृत्तीची भाषा केली, त्याला तोवर वर्ष उलटले होते. घरात दिवा नसताना दुसऱ्याच्या ओसरीवरच्या अंधाराबद्दल किती बोलायचे?

आता दुसरा हिशेब. दोह्याची चूक डोळ्यांआड करून फक्त वेळापत्रक पाहू. २६ मार्च २०२४ ला गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध भारत ३८ व्या मिनिटाला पुढे गेला, ७० व्या मिनिटाला बरोबरी आणि ८८ व्या मिनिटाला पराभव. ११ जूनला दोह्यात ३७ व्या मिनिटाला पुढे, ७३ व्या मिनिटाला बरोबरी, ८५ व्या मिनिटाला पराभव. जणू एकच सामना दोनदा खेळला गेला. फरक एवढाच की गुवाहाटीत चेंडू रेषेबाहेर गेला नव्हता. मैदान आपले, प्रेक्षक आपले, समोर क्रमवारीत दीडशेच्याही खाली असलेला संघ आणि त्याचेही अनेक खेळाडू स्वतःच्या महासंघाशी भांडून घरी बसलेले. त्याआधी याच संघाशी सौदीतल्या आभा येथे गोलशून्य बरोबरी. या दोन सामन्यांतून एखादा विजय निघाला असता, तर दोह्यात चुकलेली शिट्टी एवढी महाग पडली नसती.

आघाडी घेतल्यावर ती सांभाळायची कशी, दमलेल्या पायांच्या जागी कोणाला आणायचे, समोरचा दडपण वाढवू लागला की मधली फळी किती मागे घ्यायची, हे प्रशिक्षकाचे काम. स्टिमॅच यांना त्यासाठी पाच वर्षे मिळाली. त्यांच्या काळात २०२३ मध्ये भारताने सॅफ स्पर्धा आणि इंटरकॉन्टिनेंटल चषक जिंकला, कुवेतला त्यांच्या घरी हरवले, हे त्यांच्या जमेस आहेच. पण २०२४ मधले पहिले सात सामने पाहा. आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाकडून तीन पराभव, एकही गोल नाही. मग पात्रतेचे चार सामने. सातही मिळून गोल दोन, विजय शून्य. त्यातला एक गोल छेत्रीची पेनल्टी. म्हणजे चालत्या खेळात भारताने त्या सात सामन्यांत केलेला एकमेव गोल हा दोह्यात लालिआनझुआला छांगटेने केलेला. कतारने नेहमीच्या मातब्बरांना विश्रांती देऊन तरुण पोरे उतरवली होती, तरीही दुसरा गोल आपल्याला सापडला नाही. दोन गोलांची आघाडी असती, तर बाहेरून आत आलेला चेंडू फार तर चीड देऊन गेला असता.

आणि छेत्री? १५१ सामन्यांत ९४ गोल करून वयाच्या ३९ व्या वर्षी तो ६ जूनला कोलकात्यात निवृत्त झाला, निर्णायक सामना पाच दिवसांवर असताना. इतकी वर्षे एकाच माणसाच्या खांद्यावर बंदूक ठेवून लढाई चालली होती. त्याच्या जागी कोण, या प्रश्नाचे उत्तर स्टिमॅच यांच्याकडे नव्हते. पण ते एकट्या त्यांच्याकडे का असावे? आयएसएलच्या संघात एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात असू शकतात. गोल करण्याची जागा बहुतेक क्लब त्यांच्यापैकीच कोणाला तरी देतात. आपली पोरे बाजूने धावतात, चेंडू पुरवतात आणि शेवटचा फटका परदेशी पाहुणा मारतो. क्लबमध्ये वर्षभर जे काम करू दिले जात नाही, ते देशासाठी दोन रात्रींत कसे जमावे?

म्हणून हकालपट्टीचे टाळ्या वाजवून स्वागत करणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. स्टिमॅच यांचा करार याच महासंघाने ऑक्टोबर २०२३ मध्ये २०२६ पर्यंत वाढवला होता. संघनिवडीआधी प्रशिक्षकांनी ज्योतिषाचा सल्ला घेतल्याच्या बातम्या त्याच्या महिनाभर आधी छापून आल्या होत्या. म्हणजे ग्रहमान कळूनही मुदतवाढ दिली गेली. मग आठ महिन्यांत तोच प्रशिक्षक नालायक ठरला, तर त्याची निवड करणाऱ्यांचे काय? पंचांवर तक्रार आणि प्रशिक्षकावर कुऱ्हाड. वड्याचे तेल वांग्यावर काढताना महासंघाने स्वतःची कढई तेवढी स्वच्छ ठेवली.

दोह्याला गेलेल्या संघात मुंबईचा राहुल भेके, पुण्याचा जय गुप्ता आणि गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस होते. त्यामुळे ही हार मराठी मुलखालाही जवळून लागली. पंच की प्रशिक्षक, हा वाद तर कोल्हापूरला पिढ्यान्‌पिढ्यांचा. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहणाऱ्याला रेफ्रीच्या एका शिट्टीवर पेठ कशी पेटते, हे सांगावे लागत नाही. सामना थांबणे, पोलिसांची धावपळ, दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर पुन्हा तीच फ्री किक बोटांनी हवेत काढून दाखवणे, सगळे पाहिलेले असते. पण त्याच गॅलरीत जुना खेळलेला एखादा म्हातारा बसलेला असतो. चेंडू बाहेर गेला म्हणून हात वर करून थांबलेल्या पोराला तो वरून ओरडून विचारतो, ‘‘शिट्टी वाजली का रं? मग थांबलास कशाला?’’ रेफ्री चुकला, हे त्यालाही दिसलेले असते. त्याच्याबद्दल तो नंतर बोलतो, तेही सविस्तर. आधी मात्र पोराला चेंडूमागे पळवतो.

दोह्यात आपले बचावपटू थांबले, ते क्षणाचे होते आणि माणूस म्हणून समजण्यासारखेही. महासंघ मात्र हात वर करून आठवडाभर उभा राहिला. कोणीतरी कॉर्नर देईल, या आशेवर. समोर २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता फेरी होती, नवा प्रशिक्षक शोधायचा होता, गोल करणारा तयार करायचा होता, आपल्याच लीगमध्ये कॅमेरे लावायचे होते. शिट्टी अजून वाजलेली नव्हती.