वही आपल्या हाताची हवी



किराणा दुकानदाराचा मुलगा लहानपणी गल्ल्याजवळ बसतो आणि कोणी न शिकवता हिशेब शिकतो. आपली मुलेही घरच्या धंद्यातच वाढतात. वखरामागे चालतात, कापूस वेचतात, खळ्यावर जागतात. पण धंद्याची वही त्यांना दिसत नाही, कारण घरात वहीच नसते. आपला हिशेब लिहिलेला असतो तो कृषी केंद्रवाल्याकडे, सोसायटीत आणि अडत्याकडे. आपण ते दाखवतील तिथे सही करतो.

आम्हीही अशाच घरातले. कृषी पदवीच्या परीक्षेत उत्पादन खर्चाच्या व्याख्या लिहून गुण मिळवले, पण वडिलांच्या तीन एकर कपाशीला खर्च किती आला हे विचारायचे कधी सुचले नाही. चळवळीत आल्यावर एका बैठकीत एका म्हाताऱ्या कास्तकाराने विचारले, "भाव मागता, पण तुमच्या घरचा क्विंटल कितीला पडतो?" आम्हाला सांगता आले नाही. दुसऱ्याच दिवशी शंभर पानी वही आणली आणि चुकत चुकत शिकलो.

पहिल्या वर्षी बी, खत, फवारणी आणि बाहेरच्या मजुरांची मजुरी एवढेच लिहिले. थोडा नफा दिसला. दुसऱ्या वर्षी घरच्या बायकांचे निंदणाचे आणि वेचणीचे दिवस मोजले, ते भरले ६४. बैलांचा चारा लिहिला. उधारीच्या खताला रोखीपेक्षा जास्त पडलेले पैसे व्याज म्हणून वेगळे लिहिले. नफा गेला. खरे तर तोटा पहिल्या वर्षीही होता, फक्त वहीत नव्हता. तो आमच्या आईच्या आणि बायकोच्या अंगावर निघत होता. ज्वारीचे उलटे झाले. घरी खाल्लेली पोती आणि बैलांना घातलेला कडबा जमेकडे धरल्यावर ती वाटत होती तितकी तोट्याची निघाली नाही.

आता सरकारचा हिशेब पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये ठरला. तो ५,१४० रुपये खर्चाच्या दीडपट आहे. या खर्चात घरची मजुरी धरली आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज मात्र धरलेले नाही. ते धरले की सी-२ खर्च होतो, आणि आपले भांडण त्याच्यासाठी आहे. शिवाय ५,१४० ही देशाची सरासरी आहे. नांगरट, बी, खत, निंदण यांचा एकरी खर्च पाऊस पाहून कमी होत नाही. पावसाने दगा दिला आणि सहाच्या जागी तीन क्विंटल झाला, तर तोच खर्च निम्म्या मालावर पडतो. हे कोरडवाहूचे दुखणे कोणत्याही सरासरीत दिसत नाही, आपल्या वहीत दिसते.

वही लिहून भाव वाढतो का? नाही. वही आपल्यालाही सोडत नाही. शेजाऱ्याचे पाहून केलेली जादा फवारणी आम्हाला आमच्याच अक्षरात वाचावी लागली. पण ज्याच्याजवळ स्वतःचा आकडा नाही, त्याला दुसऱ्याचा आकडा मान्य करावा लागतो. घरात असो की मंत्रालयात.

तेव्हा एवढे करा. प्रत्येक पिकाला वेगळे पान ठेवा. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. लग्न, दवाखाना, किराणा त्यात आणू नका. घरच्या माणसांचे दिवस गावच्या मजुरीने लिहा, बायकांचे आधी. घरी ठेवलेले धान्य आणि कडबा बाजारभावाने जमेला धरा. वजनाची आणि अडतीची पावती पानाला टाचून ठेवा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा आणि रोज संध्याकाळी लिहून घ्या. तिलाही धंदा कळेल.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ही वही सोबत आणा. भाषणे कमी करू, आधी वह्या वाचू.