सर्वाधिक गोल, तरीही नापास!

आकाशी निळी जर्सी घालून मध्यरात्रीपर्यंत मॅच बघत बसलेली पोरं आता कुठल्याही हॉस्टेलमध्ये सापडतात. मँचेस्टर सिटी म्हणजे जिंकणारी टीम, एवढंच त्यांना माहीत. २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षं प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबबद्दल दुसरं काय वाटणार म्हणा! पण याच सिटीच्या नावावर एक विक्रम असा आहे, जो इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुठल्याच क्लबच्या वाट्याला आलेला नाही. आदल्या वर्षीचे चॅम्पियन, आणि पुढच्याच वर्षी थेट खालच्या विभागात!

गोष्ट १९३७-३८ च्या हंगामाची. पण ती समजायला एक वर्ष मागे जावं लागतं.

१९३६-३७ मध्ये सिटीची सुरुवात काही खास नव्हती. नाताळपर्यंत गाडी रखडतच चालली होती. मग अचानक सूर लागला. नाताळनंतर लीगमधले उरलेले २२ सामने सिटी एकदाही हरली नाही. त्या काळचा दादा संघ आर्सेनल, त्यालाही २-० ने हरवलं. शेफिल्ड वेन्सडेला ४-१ असं लोळवून सिटीने इतिहासातलं पहिलं लीग विजेतेपद खिशात घातलं. हंगामात गोल किती? तब्बल १०७! पीटर डोहर्टी आणि एरिक ब्रुक गोल करत होते, गोलपोस्टमध्ये फ्रँक स्विफ्ट उभा होता. सगळं कसं झकास.

पुढच्या वर्षी व्यवस्थापक तेच, विल्फ वाइल्ड. बिनीचे खेळाडूही बरेचसे तेच. खेळण्याची पद्धतही तीच, समोरच्यावर तुटून पडायचं. आणि गोल होतही होते. डर्बी काउंटीला त्यांच्या मैदानावर ७-१. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला ७-१. हंगाम संपत आलेला असताना लीड्सला ६-२. ४२ सामन्यांत सिटीने ८० गोल केले. अख्ख्या पहिल्या विभागात एवढे गोल कुणाचेच नव्हते. चॅम्पियन झालेल्या आर्सेनलचेही ७७ च.

तरी २२ संघांच्या तक्त्यात सिटी २१ वी आली आणि खाली घसरली.

असं कसं झालं? गणित अगदी साधं आहे. तेव्हा सामना जिंकला की दोन गुण, बरोबरी झाली की एक. तुम्ही १-० ने जिंका नाही तर ७-१ ने, गुण दोनच. वर सांगितलेल्या तीन मोठ्या विजयांतच सिटीचे २० गोल आहेत. ते बाजूला काढा. मग उरलेल्या ३९ सामन्यांत सिटीने केलेले गोल ६०, आणि खाल्लेले ७३! आता तक्ता वेगळा दिसायला लागतो ना? १४ विजय, ८ बरोबरी आणि २० पराभव. जिंकायचे तेव्हा धडाक्यात जिंकायचे आणि पुढच्या काही सामन्यांत हातातलं घालवून बसायचे. आर्सेनलने गोल थोडे कमी केले, पण वर्षभरात खाल्ले फक्त ४४. सिटीने खाल्ले ७७. खरा फरक इथे होता.

तरीही शेवटच्या दिवसापर्यंत सगळं सिटीच्या हातात होतं. ७ मे १९३८ ला त्यांचा सामना हडर्सफील्डशी होता. तोही अडचणीत सापडलेलाच संघ. सिटी १-० ने हरली. ज्यांनी वर्षभरात ८० गोल केले, त्यांना नेमका त्या दिवशी एक गोल जमला नाही. अंतिम तक्त्यात सिटीचे ३६ गुण झाले आणि तिच्या वरच्या चार संघांचे प्रत्येकी ३८. तो एक सामना सिटीने जिंकला असता, तर तिचेही ३८ झाले असते. ती वाचली असती आणि तिच्याऐवजी हडर्सफील्ड खाली गेली असती. प्रत्यक्षात हडर्सफील्ड ३९ गुणांवर १५ वी आली. पंधरावा नंबर आणि घसरण यांच्यात फक्त एक मॅच होती. वर जखमेवर मीठ म्हणजे, त्याच वर्षी शेजारची मँचेस्टर युनायटेड दुसऱ्या विभागातून वर आली.

‘नशीब फुटकं’ म्हणून ही गोष्ट सोडून देता येते. बरेच जण तसंच करतात. पण आम्हाला वाटतं, यात नशिबापेक्षा सवयीचा भाग मोठा होता. आदल्या वर्षीही सिटीचा पहिला अर्धा हंगाम यथातथाच होता. पण नंतर जबरदस्त लाट आली आणि तिने सगळं झाकून टाकलं. विजेतेपद मिळाल्यावर मागचे खड्डे कोण मोजतं? दुसऱ्या वर्षी तेच खड्डे पडले, अधूनमधून सात-सात गोलांच्या उसळ्याही आल्या, पण २२ सामन्यांची ती लाट काही आली नाही. पराभव आपल्याला शिकवतो असं सगळे सांगतात. मात्र यशही शिकवतं, आणि पुष्कळदा चुकीचं शिकवतं, हे कुणी सांगत नाही.

आता जरा स्वतःकडे बघू. पहिल्या सेमिस्टरला वर्षभराचा, सॉरी, सहा महिन्यांचा अभ्यास पीएलमध्ये उरकला. चार नाइट मारल्या, सिनिअरच्या नोट्स मिळाल्या, पेपर बरे आले. पास! त्या दिवशी आपण काय शिकलो? अभ्यास नाही शिकलो. ‘शेवटच्या आठवड्यात होतं रे सगळं’ हे शिकलो. मग पुढच्या सेमिस्टरला तोच प्लॅन. एका आवडत्या विषयात ऐंशीच्या वर, आणि दोन विषयांत केटी. घरी सांगताना मात्र आपण ऐंशीवालाच विषय सांगतो. पण त्या विषयात जास्तीचे मिळालेले मार्क नापास झालेल्या विषयात टाकता येत नाहीत. डर्बीला मारलेल्या सात गोलांपैकी एक गोल सिटीला हडर्सफील्डच्या मैदानावर तरी कुठे वापरता आला?

म्हणून रोज मैदान गाजवायची गरज नाही. कंटाळवाण्या दिवशी किमान बरोबरी तरी साधायची, एवढंच. नावडत्या विषयाचं जर्नल वेळेत पूर्ण करणं, डोकं चालत नसताना दोन गणितं सोडवणं, लेक्चरला नुसतं हजर राहणं. याचे रील होत नाहीत, स्टेटसला टाकण्यासारखंही काही नाही. पण गुण याचेही मिळतात. सिटीला आणखी फक्त तीन पराभव बरोबरीत सोडवता आले असते, तर ती ३९ गुणांवर, तक्त्याच्या मध्याजवळ असती आणि हा लेख लिहायची वेळच आली नसती.

ज्यांना आत्ताच केटी लागली आहे, त्यांच्यासाठी याच गोष्टीतली दुसरी बाजू. त्या वर्षी पहिल्या आर्सेनलचे ५२ गुण होते आणि तळाच्या दोघांचे ३६. फरक फक्त १६ गुणांचा. खाली गेलेली सिटी टाकाऊ नव्हती. फ्रँक स्विफ्ट पुढे इंग्लंडचा कर्णधार झाला. पीटर डोहर्टीने १९४६ मध्ये डर्बीकडून एफए कप जिंकला. तक्त्याने एका हंगामाचा हिशेब सांगितला, माणसांची किंमत ठरवली नाही. पण घसरणीची किंमत मोजावी लागली, हेही खरं. मध्ये महायुद्ध आलं. सिटी पहिल्या विभागात परतली ती १९४७ मध्ये, आणि पुढचं लीग विजेतेपद उजाडलं १९६८ ला.

तेव्हा निकाल चांगला लागला की पार्टी जरूर करा. पण दुसऱ्या दिवशी स्वतःला एक प्रश्न विचारा. आपण जिंकलो ते नीट खेळून, की लाट आली म्हणून? उत्तर दुसरं असेल, तर पुढच्या सेमिस्टरचा अभ्यास आजच सुरू करायला हरकत नाही.