गाव उठले, शेजारही उठला

दरवर्षी अनंत चतुर्दशी झाली की कळंबोलीत मुलाकडे राहणाऱ्या एक आजी दवाखान्यात येतात. तक्रार ठरलेली असते. झोप लागत नाही, छातीत धडधडते, अंग दुखते. रक्तदाब पाहिला, कार्डिओग्राम काढला, सारे वयाच्या मानाने ठीक. पहिल्या खेपेला मीही झोपेची गोळी लिहून मोकळा झालो. पुढे एकदा सहज ‘आजी, मूळ गाव कोणते?’ असे विचारले आणि उलगडा झाला. आजी किल्लारीजवळच्या एका खेड्यातल्या. ‘घर गेलं ते गेलं डॉक्टरसाहेब, पर आमची गल्लीच गेली,’ त्या म्हणाल्या.

वाचकहो, तो दिवस पुष्कळांना आठवत असेल. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बुडवून लोक थकून झोपले होते. ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत जमीन हादरली आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. माणसे मेली ती बहुतांशी आपल्याच घराखाली दबून.

त्यानंतर सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जागतिक बँकेचे कर्ज आले, स्वयंसेवी संस्था धावल्या, हजारो पक्की घरे उभी राहिली. त्या कामाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्या ढिगाऱ्यातून आपली माणसे काढली, तिथे पुन्हा चूल मांडायला अनेकांचे मनही धजत नव्हते. जुनी गावठाणे ओस पडली, पडक्या भिंतींत बाभळी माजल्या. आता ३० सप्टेंबरला जुन्या किल्लारीतील स्मृतिस्तंभाजवळ लोक जमतात, मृतांना श्रद्धांजली वाहतात आणि नव्या गावात परततात.

माझा प्रश्न आहे तो नव्या गावाच्या मांडणीविषयी. घरांचे आकार जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५० आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. बऱ्याच ठिकाणी एका आकाराची घरे एका बाजूला बांधली गेली. म्हणजे शेजारी कोण, हे सातबाऱ्यावरून ठरले! रस्ते रुंद, रांगा सरळ, घरे लांब लांब. पूर्वी ओसरीवरून हाक मारली की पलीकडची बाई ‘ओ’ द्यायची. नव्या गावात तिचे घर शोधत जावे लागले. गुरे बांधायला जागा अपुरी, म्हातारी माणसे टेकतील असा पार नाही.

यात आरोग्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. सकाळी म्हातारीचे दार उघडले नाही हे प्रथम शेजारणीला कळते. बाळंतिणीला ताप आला, कुणी जेवण सोडले, कुणी दारूला लागला, हेही तिलाच आधी दिसते. भूकंपग्रस्तांची तपासणी करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना त्यांच्यात खोल उदासीनता आणि भीतीचे विकार मोठ्या प्रमाणात आढळले होते. अशा रोग्याला औषधाइतकीच गरज असते ती ओळखीच्या माणसाची. ज्याला सारे ठाऊक आहे, ज्याला पहिल्यापासून काही सांगावे लागत नाही, असा माणूस.

जपानसारख्या श्रीमंत देशालाही हा धडा महागात पडला. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहरात भूकंप झाला. तात्पुरती घरे वाटताना वृद्धांना प्राधान्य द्यायचे आणि सोडत काढायची, असे ठरले. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे एकटी म्हातारी माणसे जुन्या वस्तीपासून दूर, अनोळखी लोकांत जाऊन पडली. त्या घरांत दोनशेहून अधिक माणसे एकाकी मेली, काहींचा तर पत्ता दिवसेंदिवस लागला नाही. २००४ साली निइगाता भागात भूकंप झाला तेव्हा यामाकोशीच्या लोकांना वाडीवार एकत्र ठेवण्यात आले. चूक कळली की ती सुधारता येते, ती अशी.

हे सारे दूरचे समजू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का मुंबईपर्यंत जाणवला होता. आपल्याच रायगड जिल्ह्यात दरडी कोसळून २०२१ साली तळिये आणि २०२३ साली पनवेलपासून जवळची इर्शाळवाडी उद्ध्वस्त झाली. कारण वेगळे असले तरी वाचलेल्यांपुढचा प्रश्न तोच.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की पुनर्वसनाच्या आराखड्यावर इंजिनिअरबरोबर डॉक्टरचीही सही हवी. छावणीत असतानाच ‘तुमच्या शेजारी कोण राहायचे?’ हे लिहून घ्यावे आणि घरे आळीवार द्यावीत. जुन्या जागेवर बुलडोझर फिरवण्यापूर्वी लोकांना तिथे एकदा सुरक्षितपणे जाऊ द्यावे. देवघरातला टाक, जाते, एखादा फोटो, जे हाती लागेल ते घेऊ द्यावे, मृतांचे विधी करू द्यावेत. आणि किमान दोन वर्षे आरोग्यसेविकेने घरोघर जावे, वर्षदिनाच्या सुमारास तर नक्कीच.

आपणही थोडे करू शकतो. आपल्या सोसायटीत असे कोणी आपद्ग्रस्त राहत असेल तर ‘झाले गेले विसरा’ असे म्हणू नये, ऐकून घ्यावे. झोप उडणे, आवाजाने दचकणे, जीव नकोसा वाटणे असे होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

आजींच्या सुनेला मी दोनच गोष्टी सांगितल्या. त्या आठवड्यात रात्री सासूबाईंजवळ झोपायचे आणि गावाकडच्या जुन्या शेजारणीला रोज फोन लावून द्यायचा. गेल्या वर्षी आजी आल्या त्या फक्त रक्तदाब तपासायला. झोपेची गोळी त्यांनी मागितली नाही.